एकदाच झाडलेली रायफल

“किती चाललीय ही?” डेलने विचारलं.

“एकदा,” म्हातारी म्हणाली.

गंमत करतेय असं वाटून डेल हसला. ती हसली नाही. तिने रायफलीशेजारी काडतुसांची जुनी डबी ठेवली. पन्नासच्या डबीत एक जागा रिकामी होती.

डेल ट्रॉम्बली शाळेची बस चालवायचा. दर मंगळवारी क्लबच्या तळघरात जाऊन कागदावर नेम धरायचा, एवढा एकच त्याचा शौक. आजवर मेव्हण्याची रायफल मागून नेऊन भागत होतं. या शरदात मेव्हण्याने ती विकून टाकली. नवी घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून पेपरातली जाहिरात बघून तो साठ मैल गाडी हाकत आला होता. पॉइंट टू-टू, बोल्टची, चाळीस डॉलर. खाली लिहिलं होतं, जाणकारानेच यावं. “मग तू कशाला चाललास?” असं बायकोने निघताना विचारलंच होतं.

त्या म्हातारीचं, लेम्पी कांगासचं, घर सरोवराच्या काठी एकटंच उभं होतं. ना कुत्रं भुंकलं, ना आत रेडिओ वाजत होता. तो व्हरांड्याच्या पायऱ्या चढत असताना ती वरून म्हणाली होती, “मधलीवर पाय देऊ नका.” पायरी धडधाकट दिसत होती. तरी डेलने ती ओलांडली.

खिडकीच्या काचेमागे एक म्हातारा खुर्चीत बसला होता. गुडघ्यांवर घोंगडी. त्याची नजर रायफलीवर होती. डेलने हात हलवला. म्हाताऱ्याची पापणीही लवली नाही.

“माझा नवरा, वाइनो,” लेम्पी म्हणाली. मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

डेलने बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढला, नळीच्या एका तोंडाशी पांढरा कागद धरला आणि दुसरीकडून आत पाहिलं. नळी आरशासारखी. दस्त्यावर ओरखडा नाही. त्याला आता भलतीच शंका यायला लागली.

“बाई, एवढ्या स्वस्तात का काढताय?”

“तुम्ही तपासा आधी. सगळं तपासा. याआधी दोघं आले, नळीत डोकावले नि खिशात हात घातला. तसंच घालवलं मी त्यांना.”

डेलने जवळचं एक झाडलेलं, रिकामं काडतूस आत घातलं. नाहीतर काडतूस उडवणारी सुई नुसत्या लोखंडावर आपटून बोथट होते. चाप अडवणारी सेफ्टी लावून बोल्ट बंद केला. नळी कुंपणापलीकडच्या मोकळ्या वाळूकडे धरली आणि चाप ओढून पाहिला. काही झालं नाही.

“सेफ्टी ठीक आहे.”

“झालं सगळं?”

“एक राहिलं.” त्याने बोट चापावरून काढून बाहेर सरळ धरलं आणि सेफ्टी काढायला अंगठ्याने ती पुढे सरकवली.

खट्.

लेम्पी दचकून मागे सरली. व्हरांड्याचा कठडा हाताला लागला म्हणून पडली नाही.

“बोट लागलं असेल तुमचं,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“छे हो. बोट बाहेर होतं. हे असं. चाप न ओढताच सुटली ही.”

“पुन्हा करा.”

दुसऱ्या खेपेला काहीच झालं नाही. लेम्पीचा चेहरा दगडासारखा झाला. तिसऱ्यांदा पुन्हा तेच, खट्.

“जुनी झाली म्हणून होत असेल,” ती म्हणाली.

“झिजायला ती चाललीय कुठे? आतला दात नीट अडकतच नाही. कारखान्यातूनच अशी आली असणार.”

“इकडे द्या.”

डेलने बोल्ट ओढून, सेफ्टी लावून दिली. तिने रायफल हातात अशी घेतली, जणू मनातल्या मनात हजारदा घेतली होती. तर्जनी दस्त्याला चिकटवून ताठ ठेवली आणि त्या बोटाकडेच बघत अंगठ्याने सेफ्टी पुढे ढकलली.

खट्.

“बाई, ही कुणालाच विकू नका,” डेल म्हणाला. “भरलेली असली ना, तर समोरचा माणूस मरेल.”

“मेला,” लेम्पी म्हणाली. “माझा भाऊ, रेइनो. मधल्या पायरीवर बसून बूट चढवत होता. एकोणीस वर्षांचा.”

ती बोलतच राहिली, सावकाश, खालच्या आवाजात.

“वाइनो त्याच दिवशी घेऊन आला होता ही. सकाळीच त्याचं नि रेइनोचं जमिनीवरून कडाक्याचं भांडण झालेलं. वाइनो म्हणत राहिला, मी चापाला हात लावला नव्हता. शेरीफने अपघात लिहिलं नि निघून गेला. मी मात्र ते भांडण ऐकलं होतं. मी ही तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत टाकली नि किल्ली माझ्याकडे ठेवली. कुणाला तरी दाखव, म्हणून तो किती वर्षं विनवत होता. पुढे पुढे तेही थांबलं. एकतीस वर्षं त्याच्या पुढ्यात ताट ठेवतेय मी. एक शब्दही बोलले नाही.”

“मग आता?”

“डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत टिकणार नाही तो.”

रायफल डेलच्या हातात कोंबून ती आत गेली. ऐकू नये असं डेलला वाटत होतं, पण काच पातळ होती आणि बाहेर वाराही पडला होता. लेम्पी खुर्चीजवळ खाली बसली. घोंगडीवरचा तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“वाइनो, मी स्वतः करून पाहिलं. तुझं बोट नव्हतं लागलं रे. तू खरं सांगत होतास.”

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे ओठ हलले.

“खरंच?” तो म्हणाला. “मला तर कधीचं वाटायला लागलं होतं, मीच मारलं त्याला.”