मार्चची सही

प्लोव्हदिव्हच्या खुर्च्यांच्या कारखान्यात दर महिन्याला सुरक्षेचा तास घेऊन कामगारांच्या सह्या घ्यायच्या, हे रुमेनाचं काम. जानेवारीत कातारी पेन्को लेथ सोडेना. "बाई, शिकत बसलो तर खुर्च्यांचे पाय तुम्ही कातणार? आणा वही, वर्षभराच्या सह्या आत्ताच ठोकतो." सगळेच तसं करत, तिनं वही पुढे केली. मार्चच्या तासात ती सांगणार होती: वसंताच्या स्वागताला बांधलेला लाल-पांढरा दोरा मनगटावरून काढा, मगच लेथला हात लावा. तास झालाच नाही. दोरा लेथमध्ये अडकला आणि पेन्कोचा उजवा हात गेला. आज सरकारी निरीक्षकानं मार्चच्या सहीवर बोट ठेवलं. "तास झालाय. चूक त्याचीच, भरपाई नाही." मालकानं सुटकेचा निःश्वास टाकला.  रुमेनानं पान उलटलं. एप्रिल, मे, जून... वहीत डिसेंबरपर्यंत पेन्कोचा उजवा हात हजर होता.