मूळ व्हिडिओ

कुंडलिकनं स्क्रीनवर जोतीरामांचा चेहरा मोठा केला. कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरका लाल शिक्का होता : खोटं.

"ह्यो एकच फोटो हाय का?"

"दुसरा आधार कार्डावरचा," रणजित म्हणाला. "त्यात आबा फरार आरोपी दिसत्यात."

सोनमला हसू आलं. उद्या अंथुर्ण्यात वडिलांचा, आबांचा दहावा होता. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा म्हणून ती रणजितला, चुलतभावाला, घेऊन बारामतीला कुंडलिकच्या दुकानात आली होती.

उन्हाळ्यात आबांनी कालव्याच्या कोरड्या चारीत उभं राहून व्हिडिओ केला होता. कालव्याला पाणी सुटलं म्हणतात, आमच्या शेवटच्या रानांना थेंब नाही. दिवस निवडणुकीचे. फॅक्ट-चेक करणाऱ्या एका वेबसाइटनं पाटबंधारे ऑफिसचं पत्र मागवलं, पाणी सोडल्याची तारीख पाहिली आणि आबांच्या चेहऱ्यावर शिक्का मारला. मग गावभर तोच फोटो फिरला. चहाच्या टपरीवर आबा आले की लोक विचारायचे, "काय जोतीराव, आज खरं का खोटं?" आबांनी टपरीवर जाणं सोडलं.

"महिन्यानं साहेबांच्या पॅनेलच्या माणसानं तेच म्हणलं, तर त्याच वेबसाइटवर लिवलं, अंशतः खरं," रणजित म्हणाला. "आबा पडलं दुसऱ्या पॅनेलचं."

"आमच्या कळस गावाला बी शेवटाला पाणी न्हवतंच," कुंडलिक माऊस हलवत बोलला.

"मग तेव्हा सांगायचं ना," सोनम म्हणाली.

"कुणाला, ताई? मला कुठं कुणी विचारलं?"

त्यानं शिक्का पुसला. मोकळ्या झालेल्या जागेत कॉम्प्युटरनं आपोआप नाक भरलं, डोळे भरले. छान, टपोरे डोळे.

"हे आबा नाहीत."

"मग मूळ व्हिडिओ द्या. त्यातनं फोटो काढतो. पाच मिनटाचं काम हाय."

आबांचा मोबाईल तिच्याच पर्समध्ये होता. तिनं गॅलरी वर-खाली केली. ऊस. गाभण गाय. मोटारीचा जळालेला स्टार्टर. व्हिडिओ नव्हता.

"फेसबुकवरनं बी काढलाय आबांनी," रणजित म्हणाला. "का काढला, द्येव जाणे. आबा कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाईत. त्यांना कुणी गप केलं, त्येच कळंना."

सोनमनं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. सगळ्यात वर तिचंच नाव पिन केलेलं होतं. ती मागे मागे गेली, उन्हाळ्यापर्यंत.

तिनं पुण्याहून पाठवलेली लिंक होती. तिच्याखाली तिचंच वाक्य : आबा, हे लोक सगळं तपासून लिहितात. व्हिडिओ लगेच काढून टाका. मला इथं लाज वाटते.

दहा मिनिटांनी आबांचं उत्तर : काढला.

मग, त्याच दिवशी संध्याकाळी : तू एक डाव ये. चारीत उतरून बघ. तू म्हणशील ते खरं.

"घावला का, ताई?" कुंडलिकनं विचारलं.

त्या ओळीच्या टोकाला दोन निळ्या खुणा होत्या. खाली तिचं उत्तर नव्हतं.