ढब्बू गोळी खात नाही

चाटून चाटून तांबूस झालेले चार पंजे.

दोन घरं. एकात कुत्र्याचं अंथरूण, दुसऱ्यात कुत्र्याचा फोटो.

स्टेरॉइडचे दिवस: खाज बंद, पण पाण्याचा वाडगा सतत रिकामा आणि गालिचा ओला.

आता महिन्यातून एक इंजेक्शन. महिन्यातून एक अर्धा तास.

तो टेबलाशी वाकून ढब्बूची मान कुशीत धरून उभा होता. बायको वेगळी राहायला लागल्यापासून त्याच्याकडे एवढंच काम उरलं होतं. सुई दिसली की ढब्बू दवाखाना डोक्यावर घेई. फक्त त्याच्या कुशीत गप्प राही. म्हणून ती दर महिन्याला त्याला कळवायची आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

"इंजेक्शन कुत्र्याला आहे ना?" एकदा शर्टाकडे बघत तिने विचारलं होतं.

आज डॉक्टरीणबाईंनी सुईऐवजी गोळी काढली. खाज तेवढीच थांबते, म्हणाल्या. रोज घरीच द्यायची, दोघांची खेप वाचेल.

"तो गोळी खात नाही," ती कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाली. "कशातही घालून द्या. थुंकतो."

एकदा बघू तरी, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळी त्याच्या हातात दिली आणि त्या पाणी घ्यायला वळल्या.

गोळी चालली, तर हा अर्धा तासही गेला.

ढब्बूने गोळी हुंगली, जिभेवर घेतली. गिळणारच होता. त्याने ढब्बूच्या गालाआडून बोट सरकवलं. गोळी टेबलावर पडली, ओली. दुसऱ्यांदाही तेच.

"बघितलंत," तो म्हणाला. आवाज जमेल तेवढा दुःखी ठेवला. लाज वाटत होती, आणि लाजेच्या तळाशी काहीतरी हलकं हलकं.

डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. इंजेक्शन भरलं. ढब्बू कुशीत गप्प.

ती उठली. त्याच्या बाहीला चिकटलेल्या केसांकडे तिने पाहिलं, झटकायला हात पुढे केला नाही. पुढच्या महिन्यात जमेल का, एवढंच विचारलं.

"जमवतो," तो म्हणाला.

मागच्या रविवारी, स्वयंपाकघरात, जंताची गोळी ढब्बूने तिच्या तळहातावरून आपणहून चाटून खाल्ली होती.