एकतारी

"कुंडी आण गं," म्हाताऱ्या कुलूपवाल्यानं पलंगावरूनच आवाज दिला. "पोराची हजेरी घेतो."

म्हातारी ओट्यापाशी गडबडली. "आणते हो! झाड काय पळून जातंय?"

काचबिंदूनं त्याचे डोळे गेले होते, पण जन्मभर किल्ल्या घासलेली बोटं शाबूत होती. त्यानं पान चाचपलं. चिकट लागलं. बोट क्षणभर थांबलं.

"आहे! वळवळतंय की काहीतरी. शिकार केलीय बेट्यानं."

"मग? बापासारखंच खादाड."

तो हसला आणि जेवायला बसला. तो जेवला की मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा.

माश्या खाणारं हे झाड पोरानं बोटीवर नोकरीला जाताना ठेवलेलं. पानापानावर चिकट थेंब, मधासारखा वास. बसलेली माशी परत उठायची नाही. पोरगं बजावून गेलेलं, "आई, हे कोरड्या, रेताड जमिनीतलं आहे. पाणी बेतानं घाल."

मग बोट बेपत्ता झाल्याची बातमी आली. म्हाताऱ्यानं अन्न सोडलं. चार-पाच दिवसांनी झाडाला हात लावून म्हणाला, "हे जगलंय तोवर तोही जगलाय." आणि ताट मागितलं.

तेव्हापासून म्हातारी झाडाला पोरासारखी जपायला लागली. उठता-बसता पाणी. मुळं कुजली. नर्सरीवाला म्हणाला, "काकू, हे लाडानं मेलं."

पानं वाळली, पण गळली नाहीत, तेवढंच नशीब. मग रोज सकाळी ती एकतारी पाक करायची, त्यात मधाचा थेंब टाकायची आणि म्हाताऱ्याची हाक यायच्या आत पानांना लावून ठेवायची.

आज हजेरी झाली, त्याच संध्याकाळी दार वाजलं. बोटीच्या कंपनीचा माणूस होता. मान खाली.

"बोट सापडली, काकू. माणूस एकही नाही."

"हळू बोला. आत हे आहेत." तिनं चौकट घट्ट धरली. तो गेल्यावर दार लावलं, पदरानं तोंड पुसलं.

"कोण होतं गं?"

"कुणी नाही. पत्ता चुकलेला."

म्हाताऱ्यानं पलंगावरून पाय खाली सोडले. मग हात पुढे केला. "कुंडी आण."

तिनं आणली. त्यानं एकेक पान सावकाश चाचपलं.

"जिवंत आहे," तो म्हणाला. "चल, वाढ. तुझंही ताट घे."

ती सुटकेचा निःश्वास टाकून ओट्याकडे वळली.

"आणि उद्या पाक दोनतारी कर गं," मागून तो म्हणाला. "एकतारीत मुंग्या अडकत नाहीत, माझ्या बोटांवर चढतात."