लेक वर येईपर्यंत

"आईचं मौन आहे हां निलेशदादा, मी वर येईपर्यंत. उगाच तिला बोलायला लावू नको," असं हसत सांगून सावनीने पाठीवरच्या हवेच्या टाकीची नळी दातांत धरली आणि डायव्हिंग शिकवणाऱ्या ऋत्विकसरांपाठोपाठ पाण्यात उतरली.

उमाताई होडीच्या फळीवर पदर आवळून बसल्या. समोर बेट, म्हणजे नुसता काळा कातळ. वर दोन पाणकावळे. मनात रामरक्षा चालू होती, डोळे पाण्यावर. बुडबुड्यांच्या दोन माळा वर येऊन फुटत होत्या. लेकीची कुठली ते कळत नव्हतं, म्हणून त्या दोन्हींना जपत होत्या.

"बुडबुडे दिसतायत ना काकी, मग काळजी कसली?" होडीवाला निलेश म्हणाला. उमाताईंनी पदर आणखी आवळला. "तोंडात मूग तरी किती वेळ धरायचे माणसाने!"

तेवढ्यात होडीला हिसका बसला. नांगर सुटला होता. लाट होडीला कातळाकडे लोटू लागली. निलेश ताडकन उठला. त्याची नजर कातळावरून हलेना. इंजिन चालू करायची दोरी त्याने मुठीत धरली.

उमाताईंनी मागे पाहिलं. दोन्ही माळा आता होडीच्या मागच्या टोकाला, अगदी इंजिनाच्या पंख्यापाशी फुटत होत्या.

त्यांनी फळीवर हात आपटला. निलेशला ऐकूच गेलं नाही. पुन्हा आपटला. त्याने दोरी ओढायला कोपर मागे घेतलं.

"नको रे! पोरं खाली आहेत!"

निलेशच्या हातून दोरी सुटली. तो वाकून मागे बघतच राहिला. मग बांबू उचलून कातळाला टेकवला आणि सगळा जोर लावून होडी थोपवून धरली.

उमाताईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. व्रत मोडलं होतं, आणि लेक अजून खालीच होती. रामरक्षा कुठल्या ओळीवर तुटली तेही आठवेना.

पाणी फुटलं. दोन डोकी वर आली. ऋत्विकने सावनीचा हात होडीच्या काठाला धरवला. "नांगर लावून येतो," म्हणत तो परत खाली गेला.

सावनीने चष्मा कपाळावर सरकवला. "आले गं बाई! सुटलं तुझं मौन. बोल आता."

उमाताईंनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. ओठ मात्र मिटलेलेच. त्यांनी नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं.

तिथे एकच माळ फुटत होती. निलेशही काही बोलला नाही.