तीन खोकले

रानातल्या तिरंदाजीत लक्ष्य किती लांब आहे हे कुणी सांगायचं नसतं. ज्याचं त्याने नजरेने ओळखायचं. ती धनुष्य घेऊन उभी राहिली, तोच प्रेक्षकांच्या दोरीमागून बाबा खोकले. तीनदा. म्हणजे तीस मीटर. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या वर्षी याच खोकल्यावर ती विसंबली, बाण लक्ष्याच्या अलीकडे, याच समोरच्या घळीत पडला, आणि वर "तुझाच हात हलला" हेही ऐकून घ्यावं लागलं. मध्ये घळ असली की लक्ष्य जवळ भासतं, हे तिने कितीदा सांगितलं. पण ऐकतील ते बाबा कसले! पुन्हा तीन खोकले, या वेळी घसा फाडून. तिने दातओठ खात धनुष्यावरची नेम धरायची साइट चाळीस मीटरवर आणली आणि बाण सोडला. बरोब्बर मधल्या पिवळ्यात! मग पंचांसमोरच वळून ती कडाडली, "बाबा, डोळे तपासून घ्या. खोकला आपोआप बरा होईल!"