निंबाला पाणी

धरणगावच्या कौतिक आबांनी रस्त्यालगतच्या कपाशीच्या शेतात अकरा प्लॉट पाडले आणि विकले. "आता जीएसटीची नोटीस येईल बरं," असं कोणीतरी म्हणालं, तेव्हापासून त्यांना घास गोड लागेना. शेवटी त्यांनी जळगावला तरुण करसल्लागार दिपमालाचं ऑफिस गाठलं.

"रस्ते, गटारी, विजेचे खांब केले म्हणून काय झालं, आबा? तुम्ही विकली ती जमीनच. तिच्यावर जीएसटी नाही. वेगळी सेवा पुरवली तरच लागतो."

'सेवा' म्हटल्यावर आबांचा चेहरा उतरला.

"एक सांगानं ऱ्हायनं, माय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दर प्लॉटम्होरे निंब लायेल शे. मालक आजून ऱ्हावाले येल नहीत, म्हनीसन रोज सकायले मीच पानी टाकस."

"त्याचे पैसे घेता?"

"छे! एक पैसा लिधा नही."

"मग कायद्यानं ती सेवाच नाही."

आबांचा जीव भांड्यात पडला. पण टोपी सारखी करत उठताना त्यांना हसू आवरेना.

"तुना कायदा उलटाच शे, पोरी. पैसा लिधा, तं मंग ती सेवा कसानी?"